जुलाबानंतर तीन आठवड्यांनी गुडघा सुजला : अँटिबायोटिक का नाही?

प्रश्न
माझ्या सव्वीस वर्षांच्या धाकट्या भावाला लग्नाच्या जेवणानंतर चार दिवस ताप आणि जुलाब झाले. ते थांबून तीन आठवडे झाले आणि उजवा गुडघा सुजून गरम लागू लागला. आता डाव्या पायाचे एक बोट बुडापासून शेंड्यापर्यंत वांग्यासारखे फुगले आहे, आणि सकाळी त्याला टाच टेकवत नाही. युरिक ॲसिड (गाऊटसाठी) आणि आरए फॅक्टर (आमवातासाठी) या रक्ततपासण्या नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिसचे निदान केले, पण अँटिबायोटिक दिले नाही. जंतू सांध्यात शिरले असतील तर ते द्यायला नको का?

प्रतिसाद 1
या आजारात सांध्यात जंतू वाढत नसतात. साल्मोनेला, शिगेला यांसारख्या आतड्यातील जंतूंमुळे किंवा मूत्रमार्गातील क्लॅमिडियामुळे चेतलेली प्रतिकारशक्ती साधारण एक ते चार आठवड्यांनी सांध्यांत, तसेच स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे चिकटतात तिथे दाह निर्माण करते. टाच दुखते ती यामुळेच. जुलाब थांबल्यावर अँटिबायोटिकने सांधा बरा होत नाही. क्लॅमिडिया आढळला, तर मात्र जोडीदारासह उपचार घ्यावे लागतात.

गुडघ्यातील पाणी काढून तपासले आहे का, हे आधी विचारा. सांधा गरम आणि सुजलेला असताना त्यात खरोखरच पू झालेला नाही, याची खात्री केल्याशिवाय पुढे जाणे मला धोक्याचे वाटते, कारण तसा संसर्ग काही दिवसांत सांधा निकामी करू शकतो. एचएलए-बी27 (रक्ततपासणीत दिसणारी एक आनुवंशिक खूण) पॉझिटिव्ह आले तर निदानाला बळ मिळते. निगेटिव्ह आले म्हणून आजार नाही, असे नव्हे.

प्रतिसाद 2
मी यातून गेलो आहे. नेप्रोक्सेनच्या (वेदना व सूज कमी करणाऱ्या) गोळ्या, गुडघ्यात एकदा स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि तरीही सूज हटेना म्हणून सल्फासलाझिन (सांध्यांचा दाह आवरणारे औषध), असे करत आठव्या महिन्यात मला पुन्हा मांडी घालून जेवायला बसता आले. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, तेव्हा धीर सोडू नका. मात्र डोळ्यांकडे लक्ष ठेवा. माझा एक डोळा लाल झाला, तेव्हा डोळे आले समजून मी मेडिकलमधून थेंब आणले. दोन दिवसांनी उजेडही सहन होईना आणि तपासणीत डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत भागाला सूज (युव्हायटिस) निघाली.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. पाणी काढले नव्हते. आज दुपारी काढले, कल्चरचा (त्यात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल परवा मिळेल. डोळ्यांचे मी विचारलेच नव्हते. आत्ता विचारले, तर उजवा डोळा कालपासून लाल असून दुखतो आहे; धूळ गेली असेल असे समजून तो गप्प राहिला होता. आम्ही लगेच नेत्रतज्ज्ञांकडे निघालो आहोत.