मदत हवी आहे: जबल शम्सच्या टॉपवर जायची परमिशन कोण देतं?

घणसोलीकर: अर्जंट आहे. ओमानच्या जबल शम्स डोंगराच्या टॉपवर जायचंय, वर मिलिटरी आहे म्हणून परमिशन लागते म्हणे, तर ती इथूनच काढायची की मस्कतला गेल्यावर? दोन टूरवाल्यांना फोन केला, दोघंही वाळूतल्या सफारीचं पॅकेजच वाचून दाखवतात. तिकिटं काढून झालीत.

वागळे_ट्रेकर: कुठला टॉप? दोन आहेत. उत्तरेचा ३००९ मीटर, खरा उंच तोच, पण त्याच्यावर लष्कराचा तळ आणि रडार आहे, आपल्याला सोडतच नाहीत, परमिशनच्या मागे लागू नका. लोक जातात तो दक्षिणेचा, २९९७ मीटर, त्याला काही लागत नाही. डब्ल्यू ४ नावाची वाट आहे, दगडांवर पिवळा-पांढरा-लाल रंग मारलाय तो बघत जायचं. महिना कुठला? किती जण?

घणसोलीकर: पण टॉपचे एवढे फोटो आहेत की नेटवर.

वागळे_ट्रेकर: ते दक्षिणेचेच. महिना सांगा ना.

ऐरोलीचे_मामा: फोर बाय फोर घ्या, नाहीतर पोलिस चौकीवरून परत पाठवतात, आम्हाला पाठवलंय.

कोपरी_पूर्व: मामा ती चौकी जबल अख्दरची, तो डोंगर वेगळा, बिरकत अल मौज गावाजवळची. शम्सला अल हमरावरून, वाडी घूल नावाच्या दरीतून जातात.

ऐरोलीचे_मामा: रांग एकच ना, हजर पर्वताची, मग नियम वेगळा कसा? मी स्वतः गेलोय.

कोपरी_पूर्व: अख्दरला गेलात. शम्सला चौकी नाही, आम्ही गेलो तेव्हा वरचा थोडा रस्ता कच्चा होता म्हणून मोठी गाडी बरी, एवढंच.

कळवा_नाका: आधी कळसूबाई करा, १६४६ मीटर, तिथे दम लागला तर ओमानचं नावच काढू नका. आणि येताना मस्कतचा हलवा आणा, केशराचा.

घणसोलीकर: नाताळच्या सुट्टीत. मी आणि बाबा. बाबा ६८ वर्षांचे, निझवाजवळ २२ वर्षं साइटवर होते, तेवढ्या वर्षांत एकदाही वर जायला जमलं नाही, म्हणून नेतोय. गुडघा थोडा दुखतो त्यांचा.

वागळे_ट्रेकर: अहो हे आधी सांगायचं! डब्ल्यू ४ जाऊन-येऊन दहा-बारा तास, हजारेक मीटर चढ, वाटेत पाण्याचा थेंब नाही आणि डिसेंबरात दिवस लहान, उतरताना अंधारात सापडाल. बाबांना नका नेऊ. डब्ल्यू ६ करा, बाल्कनी वॉक, अल खितैमपासून दरीच्या कडेकडेने जुन्या ओसाड गावापर्यंत. चढ-उतार फार नाही, सगळी मिळून तीन-चार तास. गुडघा कुरकुरला तर अर्ध्यातून फिरा, दरी पहिल्या पावलापासून दिसते. फक्त एका बाजूला सरळ कडा आहे, त्यांना आतून चालवा.

घणसोलीकर: बाबांना आत्ता विचारलं. म्हणाले टॉप राहू दे, त्या काठावर पहाटे ऊन येताना बसायचंय. मग निझवाहून रात्रीच निघायचं का?

कोपरी_पूर्व: नको, अंधारात तो घाट नको. वर पठारावर राहायची सोय आहे. तंबू नका घेऊ, थंडीत रात्री पारा शून्याखालीसुद्धा जातो. खोलीच घ्या आणि हीटर चालतो का ते फोन करून विचारा.