वॉशिटातली आग आणि शॉर्टलीफ पाइन: सरकार जंगल जाळत नाही, जगवतंय

दगडीवाट (लिटल रॉक):
परवा इथे रानपाखरू या सदस्याने वॉशिटाच्या (अमेरिकेतल्या आर्कान्सा-ओक्लाहोमामधलं सरकारी जंगल) काळ्याठिक्कर जमिनीचे फोटो टाकून लिहिलं, "सरकारच जंगल पेटवतंय, झाडं तोडून विकतंय आणि याला संशोधन म्हणतात." खाली हळहळीची रांग लागली. बारा वर्षं मी त्याच जंगलात फिरतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

शॉर्टलीफ या तिथल्या पाइनचं रोप वरून जळलं तरी सहसा मरत नाही. कोवळ्या खोडाला जमिनीलगत बाक असतो. तिथले डोळे माती-पाचोळ्याखाली झाकलेले राहतात आणि आगीनंतर तिथूनच फुटवा येतो. माणसाने कित्येक दशकं प्रत्येक आग विझवली. परिणाम काय? खाली ओक-हिकरीसारखी रुंद पानांची झाडं दाटली, ऊन जमिनीपर्यंत पोचेना. या पाइनचं बी उघड्या मातीवर रुजतं, ते पाचोळ्यातच अडकलं. म्हणून आधी विरळणी (दाटीतली काही झाडं तोडणं), मग दर तीन-चार वर्षांनी ठरवून आग. आर्कान्सातल्या वॉल्ड्रन गावाजवळ जाऊन बघा, ब्लूस्टेम गवत कसं परतलंय. जुन्या जिवंत पाइनमध्ये ढोली कोरणारा रेड-कॉकेडेड सुतार पक्षीही तिथे वाढला.

रानपाखरू:
फोटो माझेच. शब्द मागे घेत नाही. १९९० पर्यंत याच वनखात्याने वॉशिटात सरसकट तोड केली, तीही शास्त्राच्याच नावाने. लोक चिडले, त्या ऑगस्टमध्ये आर्कान्साचे सिनेटर डेव्हिड प्रायर वनप्रमुखांना घेऊन जंगलात फिरले, तेव्हा कुठे धोरण बदललं. मग आज मी डोळे मिटून विश्वास ठेवायचा?

सईची आई (हॉट स्प्रिंग्ज):
तुमचा पक्षी वाढला, आनंद आहे. गेल्या मार्चमध्ये धूर गावात उतरला तेव्हा रात्री दोन वाजता मी मुलीला नेब्युलायझर लावून बसले होते. ती सात वर्षांची आहे. आदल्या दिवशी साधा फोनही आला नव्हता. आगीचे फायदे सांगणारा एकजण तरी धुराबद्दल बोलतो का?

घाटमाथा:
मला वेगळीच भीती आहे. मी सहा वर्षं साताऱ्याकडे जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढायला गेलोय. दर फेब्रुवारीत कोणीतरी "गवत चांगलं येतं" म्हणून डोंगर पेटवतं आणि लावलेली रोपं, सरडे, पक्ष्यांची घरटी सगळं राख होतं. "आग जंगलाला चांगली" हे वाक्य मराठीत फिरलं तर काय होईल?

मालवणी माहेर:
आलंच शेवटी गाववाल्यांवर! माझे आजोबा भाताच्या रोपांची जमीन तयार करायला भाजावळ करायचे. टहाळ, पाचोळा, शेण पसरून, वारा पडलेला बघून, चार माणसं उभी करून राब भाजायचे. एक ठिणगी बांधाबाहेर गेली नाही. शनिवारी पुण्याहून गाडीने येऊन शेतकऱ्याला आगलाव्या ठरवू नका.

घाटमाथा:
मी राबाबद्दल बोललोच नाही! वणव्याबद्दल बोललो. माझ्या पायावर भाजल्याचा डाग आहे, मला शनिवारचा पाहुणा म्हणू नका.

मालवणी माहेर:
"कोणीतरी" म्हणजे कोण, ते तुम्हीही सांगितलं नाही, म्हणून लागलं. डागाबद्दल वाईट वाटलं. पण गावात विचारल्याशिवाय बोट दाखवू नका.

दगडीवाट:
दोघंही थांबा. सह्याद्रीचं रान वेगळं, तिथला नियम इथे नको आणि इथला तिथे नको. एवढं घाटमाथाचं बरोबर.

आग थांबल्याचा आणखी एक तोटा सांगतो, लाकूडवाले तो टाळतात. शॉर्टलीफचा लोबलॉली या दुसऱ्या पाइनशी संकर होतो. लोबलॉली भराभर वाढतो, म्हणून सगळीकडे त्याच्या लागवडी झाल्या. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की १९५० च्या दशकाच्या तुलनेत संकर खूप वाढलेत. संकरित रोपांना तो बाक नीट नसतो, आग लागली की ती जास्त मरतात. म्हणजे आगच अस्सल झाड निवडते. आग बंद केली तर पुढच्या पिढीत शॉर्टलीफ नावापुरता उरेल.

रानपाखरू:
संकराचं माहीत नव्हतं. मानतो. विरळणीचं लाकूड कोण नेतं आणि किती, हा प्रश्न मात्र सोडणार नाही.

दगडीवाट:
सोडूही नका. सईच्या आई, धुराचं मी लिहायला हवं होतं, चुकलं. वारा आणि हवेचा थर बघूनच आग लावतात, तरी धूर रात्री दरीत साठतो. हे खरं आहे.

सईची आई:
मग पुढच्या वेळी पक्ष्याच्या आधी ते लिहा. आणि यंदाच्या आगीची तारीख कुठे कळते तेवढं सांगा. त्या आठवड्यात मी तिला बहिणीकडे डॅलसला नेईन.