आयसी तीच, मग बोर्ड एवढा लहान कसा झाला?

निगडीकर_डिप्लोमा:
रविवारी जुन्या बाजारातून एका पीसी-एक्सटी क्लोनचा (1980 च्या दशकातल्या आयबीएम पीसीच्या नकलेचा) मदरबोर्ड आणला. नुसत्या रॅमच्याच 36 आयसी, चार रांगांत. प्रत्येकीला 16 पाय, सगळे बोर्डातून आरपार, आणि एवढं करून मेमरी 640 केबी. शेजारी आताच्या लॅपटॉपचा बोर्ड ठेवला तर त्यात भोकं शोधावी लागतात. सर म्हणतात, ट्रान्झिस्टर लहान झाले म्हणून कॉम्प्युटर लहान झाला. मग एसएमडीचा, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या पार्टचा, वाटा किती? की ते फक्त मशीनने पटापट लावता यावं म्हणून आलं? सेमिनारला हाच विषय घ्यायचा विचार आहे.

कोथरूड_व्हीएलएसआय:
सर बरोबर सांगतात. एक्सटीच्या 8088 प्रोसेसरमध्ये 29 हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर होते, 1989 च्या 486 प्रोसेसरमध्ये सुमारे 12 लाख. तुझ्या त्या 36 आयसींचं काम आज एका आयसीच्या कोपऱ्यात मावेल. माउंटिंग ही नंतरची गोष्ट.

भोसरी_रीफ्लो:
सिलिकॉनचं श्रेय मी काढून घेत नाही, पण माउंटिंगला ‘नंतरची गोष्ट’ म्हणणं मला पटत नाही. मी भोसरीत स्टफिंगला लागले तेव्हा आम्ही बायका रांगेत बसून रेझिस्टरचे पाय वाकवून भोकात घालायचो. मग बोर्ड वेव्ह सोल्डरिंगला, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून, जायचा आणि खाली उरलेले पाय छाटायचे. आता मी रीफ्लो लाईन बघते, म्हणजे पार्ट सोल्डर पेस्टवर ठेवून बोर्ड ओव्हनमधून काढायचा. दोन्ही कामं हाताखालून गेलीत म्हणून सांगते.

तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये अर्डुइनो, म्हणजे शिकायचे छोटे कंट्रोलर बोर्ड, असतीलच. त्यातल्या जुन्या पद्धतीच्या उनो मॉडेलवर एटमेगा328पी ही 28 पायांची डिप (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेली) आयसी आहे, जवळपास 35 मिमी लांब. नॅनो या लहान मॉडेलवर तीच एटमेगा चौकोनी पॅकेजमध्ये येते, पाय 32 आणि माप पायांसकट 9 बाय 9 मिमी. आतला सिलिकॉनचा तुकडा काही मिलिमीटरचाच. डिपची बाकीची लांबी त्या तुकड्यासाठी नाहीच, ती पायांमध्ये 2.54 मिमी अंतर ठेवावं लागतं म्हणून आहे. उनो 68.6 बाय 53.4 मिमी, नॅनो 45 बाय 18. नॅनोला पॉवर जॅक नाही आणि यूएसबी सॉकेट लहान आहे, तेही हिशोबात धर. तरी फरक मोठाच राहतो.

खरी जागा खातं ते भोक. पाय आरपार गेला की खालची बाजूही अडते आणि बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या सगळ्या लेयरही. प्रत्येक लेयरवरच्या ट्रॅकला त्या भोकाला वळसा घालून जावं लागतं. पाय पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, नुसता टेकला की खालचे लेयर मोकळे, आणि पाठीमागे दुसरा कंपोनंट बसवता येतो. दोन्ही बाजूंना माल भरता येतो, हा फायदा लोक विसरतात.

पायांची संख्या बघ. 486 ला 168 पिना होत्या. डिपमध्ये बसवायच्या तर एका बाजूला 84, म्हणजे 21 सेंमीहून लांब आयसी! म्हणून त्या पोटाखाली जाळीत मांडल्या, पण तिथेही अंतर 2.54 मिमीच. पुढे बीजीएमध्ये पिनांच्या जागी सोल्डरचे गोळे आले आणि अंतर 1 मिमी, 0.8 मिमी असं उतरत गेलं. आयसीतले ट्रान्झिस्टर कितीही वाढोत, बाहेर यायला वाट नसेल तर उपयोग काय?

मशीनचं म्हणशील तर, आयबीएमने एसएमडीची पद्धत 1960 च्या दशकातच वापरली होती, सॅटर्न-5 रॉकेटला वाट दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये. तिथे प्रश्न वजनाचा आणि जागेचा होता. कारखान्यांमध्ये सरसकट आली ती 1980 च्या दशकात.

आणि एक गोष्ट जमली तर डोळ्यांनी बघ. स्टेन्सिलने सोल्डर पेस्ट लावायची, त्यावर 0603 साईजचा कपॅसिटर मुद्दाम जरा तिरका ठेवायचा आणि हॉट एअर द्यायची. नेहमीची लेड-फ्री पेस्ट 217 अंशांच्या पुढे वितळते. राखाडी पेस्ट एकदम चकाकते आणि त्याच क्षणी कपॅसिटर आपोआप वळून पॅडवर सरळ बसतो. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढतो. दुसरी बाजू भरून बोर्ड दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये जातो तेव्हा खालच्या बाजूचे हलके पार्ट याच ताणावर लटकून राहतात. पण एका टोकाची पेस्ट आधी वितळली तर तोच ताण पार्टला एका टोकावर उभा करतो. त्याला आम्ही टूमस्टोन म्हणतो. मला अजूनही हे बघायला आवडतं.

तपकीर_गल्ली_रिपेअर:
ताईंचं बरोबर आहे. माझ्या टेबलावरून थोडी भर घालतो. भोकाचा जमाना संपलेला नाही. लॅपटॉपच्या बऱ्याच डीसी जॅकचे पाय अजून आरपार असतात, कारण चार्जर रोज घालायचा-काढायचा, नुसता पॅडवर चिकटलेला जॅक तांब्यासकट उखडून येतो. पॉवर सप्लायमधले ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर यांचंही तेच. आणि लहान होण्याची किंमत दुरुस्तीत मोजावी लागते. बीजीएचा एखादा जॉइंट सुटला तर तो डोळ्याला दिसतच नाही. तुझ्या एक्सटी बोर्डावरची रॅम सॉकेटमध्ये असेल तर हाताने काढून बदलता येईल.

निगडीकर_डिप्लोमा:
ताई, काका, खूप आभार. उनो-नॅनोची तुलना सेमिनारमध्ये घेतो. प्रात्यक्षिक म्हणून स्वतः एसएमडी लावून दाखवायचंय. कोणत्या साईजपासून सुरू करू?

भोसरी_रीफ्लो:
0805 घे, म्हणजे 2 बाय 1.25 मिमी. साध्या सोल्डरिंग आयर्नने जमतं. आधी एकाच पॅडवर थोडं सोल्डर घ्यायचं, चिमट्याने पार्ट सरकवत ते परत वितळवायचं, आणि पार्ट पक्का बसला की मग दुसरं टोक. फ्लक्समध्ये (सोल्डर नीट पसरवणाऱ्या रसायनात) कंजुषी करू नकोस. पहिल्याच दिवशी त्याहून बारीक 0402 च्या नादी लागू नकोस, शिंक आली तरी पार्ट गायब होतो. कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून टेपमधून एका वेळी एकच व्हॅल्यू बाहेर काढ.