सरकारी मूळ वेतन आणि खासगी पॅकेज: तुलना नेमकी कशी करावी?

रानवारा यांचा प्रश्न:
माझ्या भाच्याची राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली आहे आणि त्याच सुमारास पुण्यातील एका खासगी बांधकाम कंपनीने त्याला वार्षिक साडेआठ लाखांचे पॅकेज देऊ केले आहे. सरकारी पदाची वेतनश्रेणी एस-१४ असून सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. त्याला बाराने गुणले तर पावणेपाच लाखही होत नाहीत, म्हणून घरातल्यांचा कल खासगी नोकरीकडे आहे. हा हिशेब योग्य आहे का? एकंदरीतच सरकारी पगार खासगीपेक्षा कमी असतात का?

ताळेबंद:
आपण एका बाजूला केवळ मूळ वेतन आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा एकूण खर्च धरला आहे. महागाई भत्ता सध्या मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक आहे. निम्माच धरला तरी ३८,६०० चे ५७,९०० होतात. पुण्यासारख्या शहरात ३० टक्के घरभाडे भत्ता, म्हणजे ११,५८० रुपये मिळवले की दरमहा ६९,४८० रुपये, अर्थात वर्षाला सुमारे ८.३ लाख होतात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत शासन जे १४ टक्के अंशदान भरते ते धरल्यास आकडा ९.३ लाखांवर जातो, आणि ते धरलेच पाहिजे, कारण साडेआठ लाखांच्या पॅकेजमध्येही कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, बहुधा ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मोजलेली असते. नेमणूक ग्रामीण भागात झाली तर घरभाडे भत्ता १० टक्क्यांवर येतो, पण तिथे भाडेही तेवढे नसते.

पायरीवरचा:
वरील हिशेबाशी सहमत आहे, परंतु आपल्या दुसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते पदाच्या पायरीनुसार बदलते. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून अशी तुलना करवून घेतली होती. त्या वेळी सर्वांत खालच्या पदावरील मदतनिसाला केंद्र सरकारमध्ये एकूण २२,५७९ रुपये मिळत होते, तर पाहणीतील खासगी आस्थापनांत त्याच कामासाठी ८,००० ते ९,५०० रुपये. वरच्या टोकाला चित्र उलटे होते. त्या आयोगानंतर किमान मूळ वेतन १८,००० आणि मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० रुपये ठरले, म्हणजे तळ आणि शिखर यांत जेमतेम चौदा पटींचे अंतर; मोठ्या खासगी कंपनीत मुख्याधिकारी आणि शिपाई यांच्यातील अंतर याच्या कितीतरी पुढे जाते. कनिष्ठ अभियंता मधल्या पायरीवर येतो. सरकारात त्याला वर्षाला ३ टक्के वेतनवाढ ठरलेली आहे. खासगीत त्याच्या हातात कौशल्य आणि कंपनी बदलण्याची तयारी असेल तर दहा-बारा वर्षांत तो पुढे निघून जाऊ शकतो, पण बांधकाम व्यवसायातील मंदीचा फटकाही त्यालाच बसतो.

खडू_फळा:
‘सरकारी कर्मचारी’ म्हणताना आपण सगळे कायम पदेच डोळ्यांसमोर आणतो, ही गोष्ट मला खटकते. प्राथमिक शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे दरमहा १६,००० रुपये मानधन मिळते, आणि तेही २०२३ मध्ये वाढवल्यानंतर. त्यापूर्वी ते ६,००० होते. एजन्सीमार्फत कार्यालयात बसणाऱ्या संगणकचालकाला तर वेतनश्रेणीच नसते. एकाच कार्यालयातील ही दरी सरकारी-खासगी दरीपेक्षा मोठी असू शकते.

आपल्या भाच्याचे पद नियमित आहे, त्यामुळे त्याने निवृत्तीनंतरचा विचार अवश्य करावा. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांना जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही, हे खरे. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच झाला होता. तरीही खासगीत अवस्था याहून बिकट आहे, कारण सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांहून अधिक वेतनावर नव्याने लागणाऱ्याला भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेत प्रवेशच नाही. तेव्हा कंपनीकडून पॅकेजची फोड लेखी मागवावी आणि त्यात दरमहा हाती येणारी निश्चित रक्कम किती, हे आधी पाहावे.