मल्हारगडाच्या वाटेवरचं हे काटेरी झुडूप कुठलं? कॅक्टस आहे का?

रविवारचा_भटक्या
नमस्कार मंडळी, एक झाड ओळखून पाहिजे. मागच्या रविवारी सासवडजवळ मल्हारगडला गेलो होतो, सोनोरीकडून चढताना खडकाळ उतार लागतो तिथे याची पाच-सहा झुडपं एका जागी दाटीने उभी होती. मेचं ऊन, आजूबाजूचं गवत पार करपलेलं आणि हे मात्र हिरवंगार. उंची माझ्यापेक्षा हातभर जास्तच. बुडाशी खोड मांडीएवढं जाड, राखाडी, सालीला भेगा, वर फांद्या काकडीसारख्या गरगरीत, आणि पान एकही नाही!! फांदीवर फोडासारखे उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावर दोन छोटे काळे काटे, बैलाच्या शिंगांसारखे बाहेरच्या बाजूला वळलेले. टोक जरासं मोडलं (नको होतं मोडायला, माहितीये) तर पांढरं दूध भळाभळा आलं, बोटांना चिकटलं ते पाण्यानेही धड निघेना आणि नंतर घाम पुसताना थोडं डोळ्याला लागलं तर संध्याकाळपर्यंत आग आग. ॲपवर फोटो टाकला तर तीन वेळा तीन वेगळी नावं, त्यातलं एक तर मेक्सिकोतलं. कोणी सांगेल का हे नक्की काय आहे?

कुंडीतलं_रान
कॅक्टस आहे हो, त्यात काय एवढं. निवडुंगच. माझ्याकडे गॅलरीत असे आठ आहेत.

पानगळ
निवडुंग बरोबर, कॅक्टस चूक. मराठीत दोघांना एकच शब्द वापरतो म्हणून हा घोळ कायमचा आहे.

खरे कॅक्टस जवळपास सगळे अमेरिका खंडातले. आपल्या माळावर जो फड्या निवडुंग दिसतो, नागाच्या फडीसारखे चपटे तुकडे एकावर एक चिकटवल्यासारखा, तो कॅक्टस, पण तोसुद्धा बाहेरून आलेला. एके काळी इतका माजला होता की १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा किडा आणून दक्षिण भारतात सोडला, आणि त्या किड्याने फड्याची रानंच्या रानं संपवली. तुम्ही पाहिलंय ते झाड इथलंच आहे आणि ते एरंडाच्या कुळातलं, म्हणजे युफोर्बिया.

ओळखायचं कसं, तर तुम्ही दोन खुणा स्वतःच लिहिल्यात. एक म्हणजे दूध. कॅक्टस मोडला तर बहुतेक वेळा पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो, असं भळाभळा पांढरं चिकट दूध नाही. (काही मोजक्या कॅक्टसांना दुधट चीक असतो, पण ते आपल्या डोंगरावर भेटणार नाहीत.) दुसरं म्हणजे काटे. कॅक्टसचा काटा कधीही थेट सालीतून येत नाही, आधी लोकरीची बारीक गादी असते, टिकलीएवढी, आणि तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो. फड्याची लाल बोंडं लहानपणी खाल्लेल्यांना ती गादी चांगली लक्षात असेल, तिथली कुसळं दोन दिवस ओठातून निघत नाहीत. तुमच्या झाडाला गादी नाही, नुसती काट्यांची जोडी आहे. आणि पुन्हा गेलात तर नीट बघा, त्या दोन काट्यांच्या जवळच एक गोल फिकट वण दिसेल. तिथे पावसाळ्यात पान होतं, उन्हाळ्यात गळून गेलं.

आता युफोर्बियातला कुठला, हे फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. तिधारी नाही, कारण त्याच्या फांदीला तीन सरळ पाती असतात. शेर तर नाहीच नाही, त्याला काटे नसतात, नुसत्या हिरव्या पेन्सिली. राहिले दोन-तीन. उंचवटे सरळ ओळीत आहेत का फांदीभोवती गोल फिरत गेलेत, तेवढं सांगा.

कुंडीतलं_रान
अरे मग माझ्या गॅलरीतले कोण 😅 आत्ता बघून आले, आठातले तीन दुधाचे निघाले. नर्सरीवाल्याने सगळे कॅक्टस म्हणूनच गळ्यात मारले होते.

बांधावरचा
आमच्याकडं बांधाला हेच आहे, आजोबांच्या आधीपासनं. एक फांदी तोडायची, दोन-चार दिवस सावलीत टाकायची, चीक वाळला की मातीत खुपसायची, झालं, पाणीबिणी कुणी घालत नाही. याची वई (कुंपण) केली की शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणूनच वई निवडुंग म्हणतात त्याला. पूर्वी माळवदाच्या घरावर फुटक्या घागरीत लावून ठेवायचे, वीज पडत नाही म्हणायचे, आमची वीज एकदा शेजारच्या नारळावर पडली ते सोडा. पण एक सांगतो, वई तोडताना कोयता लांबून मारायचा आणि तोंड फिरवून. माझ्या चुलत्याच्या डोळ्यात थेंब गेला होता, तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बसून होते, तालुक्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यावं लागलं. भटक्या, तू थोडक्यात वाचलास.

काढा_आणि_चाटण
डोळ्याबद्दल आधी. चीक गेला की चोळायचं नाही, लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. झोंबणं थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, बुबुळाला सूज नंतर वाढते. भटक्या, अजून धुरकट दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर आजच दाखवा, इथे उत्तर नंतर द्या.

बाकी हे झाड म्हणजे आमच्या आयुर्वेदातली स्नुही. चरकाने तीक्ष्ण विरेचनात (जोरदार जुलाबाच्या औषधांत) हिच्या दुधाला पहिला मान दिलाय, आणि सुश्रुताने बजावलंय की अडाणी माणसाच्या हातात हे विषासारखं आहे. दूध काढायचं ते दोन-तीन वर्षांच्या झाडाचं, शिशिर संपता संपता, इतकं बारकाईने चरकाने लिहिलंय. आजही भगंदरासाठी क्षारसूत्र (औषधी लेप दिलेला दोरा) करतात ते याच्याच चिकाचं. दोऱ्याला एकूण २१ लेप, पहिले ११ नुसत्या चिकाचे, मग ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे, आणि प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा नाही. शिकत असताना पहाटे चीक गोळा करायला आम्हाला पाठवायचे, मोजे घालून सुद्धा हाताला फोड यायचे. तेव्हा कोणी घरी "पोट साफ होतं म्हणे" करून चाखायला जाऊ नका, हात जोडून सांगते.

पेठेतला
अवांतर, पण पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे, तुकोबांची पालखी तिथेच मुक्कामाला असते. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून ते नाव. आता हा धागा वाचून डोक्यात किडा शिरलाय की तो निवडुंग नक्की कुठला, फड्या का वई 😀

रविवारचा_भटक्या
उशिरा लिहितोय, माफी. डोळा ठीक आहे, दुसऱ्याच दिवशी दाखवला, ड्रॉप्स दिले होते. काल परत जाऊन आलो, ऑगस्ट आहे त्यामुळे ओळखूच येईना, सगळ्या शेंड्यांना पानांचे तुरे! पानं जाड, गुळगुळीत, वीतभर लांब, देठाकडे निमुळती, टोकाला रुंद. या वेळी फक्त बघितलं, हात खिशात. फांदी एकदम गोल, कंगोरे असे नाहीतच, आणि उंचवटे जिन्यासारखे फिरत वर गेलेत. काट्यांजवळ तो वण खरंच आहे.

गंमत म्हणजे उतरताना खाली एका वस्तीच्या कुंपणाला तसंच झाड दिसलं म्हणून थांबलो, तर ते वेगळं वाटलं. त्याच्या फांदीला पाच बोथट कडा हाताला नाही तरी डोळ्याला कळतात, उंचवटे कडांवरून ओळीने, जरासा पीळ घेऊन. काटे तसेच जोडीने. दोन्हीचे फोटो टाकलेत. एकच का दोन?

पानगळ
दोन! छान बघितलंत. कुंपणातला पाच कडांचा तो युफोर्बिया नेरिफोलिया, बांधावरचा म्हणतात तो वई निवडुंग. नेरिफोलिया म्हणजे कण्हेरीसारख्या पानाचा, आता त्या पानात कण्हेर कुठे दिसली देव जाणे. आणि डोंगरावरचा गोल फांद्यांचा, लांब पानांचा तो युफोर्बिया निव्हुलिया, कोरड्या खडकाळ डोंगरावरचा. फांदीचा काप आडवा बघितला की एकात बोथट पंचकोन आणि दुसऱ्यात गोल, पण कापायला सांगत नाही, तुमचा इतिहास माहितीये. फुलं बघायची तर उन्हाळ्याच्या तोंडाला जा, पानं झडलेली असताना काट्यांच्या वरच पिवळट हिरवे बारीक गुच्छ येतात, पाकळ्या शोधत बसू नका, नसतात.

बांधावरचा
आमच्या बांधावर जाऊन बघितलं. पाच कडा आहेत. पन्नास वर्षं बघतोय, कधी मोजल्या नव्हत्या.