तळताना चीज काडीपाशीच फुटून बाहेर येते – मदत हवी आहे

नमस्कार. येत्या शनिवारी माझ्याकडे वीसेक पाहुणे यायचे आहेत. जेवणाआधी हातात धरून खाता येईल असे काहीतरी द्यावे, म्हणून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले चीज लाकडी काडीला लावून देण्याचे मी ठरवले आहे. आधी एकदा करून पाहावे म्हणून काल बारा काड्या तळल्या, त्यांतल्या पाच तेलातच फुटल्या आणि कढईत नुसता चुरा व चिकट लगदा उरला.

कृती अशी केली होती : मोझरेलाचे साधारण दोन सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे कापले, अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या प्रत्येक काडीवर दोन-दोन ओवले, मग मैदा, फेटलेले अंडे आणि ब्रेडचा चुरा अशा क्रमाने एकदाच घोळवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. तळताना सगळ्या काड्या एकदम बाहेर काढून ताटात मांडल्या आणि चार-चार करून सोडल्या. पहिल्या दोन घाण्यांत एकेकच फुटली, तिसऱ्या घाण्यात मात्र तीन फुटल्या. चीज बहुतेक वेळा काडी जिथून आत शिरते तिथूनच किंवा दोन तुकड्यांच्या फटीतून बाहेर आले.

काडी तळून झाल्यावर टोचावी का? शिवाय दोन पाहुणे अंडे खात नाहीत, त्यांच्यासाठी काय वापरावे? आणि चाळीस काड्या गरम कशा ठेवायच्या, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद : मोझरेला कोणते घेतले होते? पाण्यात ठेवलेले मऊ गोळे मिळतात ते, की कोरडी, घट्ट वडी?

धागाकर्ती : पाण्यातले. कापडाने टिपून घेतले होते.

प्रतिसाद : मग निम्मे उत्तर तिथेच आहे. ताज्या मोझरेलाच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते, त्यामुळे ते वरून कितीही टिपले तरी आतले पाणी जात नाही. तेल १८० अंशांच्या आसपास असते आणि पाण्याची वाफ १०० अंशांना होते. ती वाफ कवचातली सगळ्यांत कच्ची जागा शोधते, म्हणजे तुमच्या बाबतीत काडीचे भोक आणि दोन तुकड्यांमधली फट. म्हणून कमी ओलाव्याचे, घट्ट मोझरेला घ्या.

काड्या भिजवण्याची रीत निखाऱ्यावर भाजण्यासाठी आहे. तिथे लाकूड जळू नये म्हणून ती उपयोगी पडते, पण तळणीत ओली काडी म्हणजे तेलात सोडलेले पाणीच. तेल अंगावर उडते ते वेगळे. मिनिटभराच्या तळणीत कोरडी काडी जळत नाही.

तिसऱ्या घाण्याचे तुम्ही नोंदवलेत ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधीचे दोन घाणे होईपर्यंत त्या काड्या ताटात पडून कोमट झाल्या असणार. कवच लाल होण्याआधी चीज वितळले की ते फुटणारच. सगळा खेळ या शर्यतीचा आहे. म्हणून घोळवलेल्या काड्या फ्रीजमध्ये नव्हे, फ्रीझरमध्ये किमान दोन तास ठेवा आणि त्या-त्या घाण्यापुरत्याच बाहेर काढा. अंडे आणि चुरा यांचा हात दोनदा फिरवा व काडीभोवती चुरा बोटांनी दाबून बसवा. दोन तुकड्यांऐवजी एकच लांबट तुकडा घेतलात तर फटीचा प्रश्नच मिटतो. तापमापक असेल तर तेल १८० ते १९० अंशांवर ठेवा. एका वेळी तीनच काड्या सोडा, कारण गोठलेला माल जास्त पडला की तेलाचा ताव उतरतो आणि काड्या अधिक वेळ आत राहतात.

काडी नंतर टोचू नये, असे माझे मत आहे. गरम चीज त्याच भोकातून वाहते, आणि गार होईपर्यंत थांबले तर मग तळण्यात अर्थ काय? आधी टोचून गोठवलेले चीज काडीला घट्ट धरून राहते.

प्रतिसाद : अंड्याऐवजी मैदा आणि कॉर्नफ्लोअर समप्रमाणात घेऊन चमच्याच्या पाठीवर थर राहील इतपत दाट घोळ करा. या काड्यांसाठी चुऱ्याचे ताट वेगळे ठेवा आणि त्या नव्या तेलात सर्वांत आधी तळा. गरम ठेवायच्या असतील तर ओव्हन १०० अंशांवर ठेवून जाळीवर मांडा. कागदावर ठेवल्या तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. पण दहा-पंधरा मिनिटांपुढे आतले चीज रबरासारखे होऊ लागते, तेव्हा शुक्रवारीच घोळवून गोठवा आणि पाहुणे जसजसे येतील तसतसे तळा.

धागाकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. आज घट्ट मोझरेला, कोरड्या काड्या आणि दुहेरी चुरा असे करून सहा काड्या तळल्या. पाच अखंड निघाल्या. सहावीच्या टोकाला चुरा नीट बसला नव्हता, ते तेलात सोडण्याआधीच दिसत होते, तरी मी घाईत सोडली.