कॅलिफोर्नियात रिमॉडेलिंगसाठी कॉन्ट्रॅक्टर लायसन्स : पुण्याचा साइटचा अनुभव धरतात का?

साइटवाली_सनीवेल

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय, चहा घेऊन बसा. मी पुण्यातून सिव्हिल केलं, 2007 ते 2013 बाणेर-हिंजवडी साइडला साइट इंजिनिअर होते, स्लॅबच्या आदल्या रात्री सिमेंटच्या पोत्यांवर झोपलेली बाई आहे मी. मग लग्न, सनीवेल, एच फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा बायकोचा व्हिसा) बरीच वर्षं घरी. आता ग्रीन कार्ड आलंय आणि मुलगा मिडल स्कूलला गेलाय. मधे आम्ही गराजचं एडीयू, म्हणजे आवारातलं छोटं वेगळं घर, केलं, सासू-सासरे सहा-सहा महिने येतात म्हणून. कॉन्ट्रॅक्टरांचे आकडे ऐकून नवरा म्हणाला तूच कर की, मग ओनर-बिल्डर परमिट (मालकाने स्वतःच बांधायचं) काढलं आणि केलं. फ्रेमिंग, ड्रायवॉल, टाइल स्वतःच्या हाताने, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंग मात्र लायसन्सवाल्यांकडून. ते बघून आता ओळखीतली तीन घरं मागे लागलीत, आमचं किचन कर आमचं बाथरूम कर.

तर विचारायचंय असं की लायसन्सशिवाय छोटं काम किती डॉलरपर्यंत चालतं, कोणी 500 सांगतं कोणी 1000. पुण्याची सहा वर्षं अनुभवात धरतात का? आणि एक ओळखीचे कॉन्ट्रॅक्टर म्हणतायत माझा लायसन्स नंबर वापरा, मला प्रत्येक कामामागे 10 टक्के द्या. हे कितपत बरोबर?

ड्रिलवाला_भाऊ

एवढं काय टेन्शन घेता, हँडीमन म्हणून करा. 1000 च्या आत लायसन्स लागत नाही. बाथरूम 9000 चं असलं तर नऊ बिलं करा 😄

खटावकर

ड्रिलवाले भाऊ, स्मायली टाकली म्हणून ठीक आहे, पण कोणी खरं मानून करेल. एका मोठ्या कामाचे तुकडे पाडून लिमिटखाली दाखवणं हे कायद्यात स्पष्ट बंद आहे. आणि 1000 चं लिमिट मजुरी अधिक मटेरियल मिळून आहे. 1 जानेवारी 2025 पासून ते 500 चं 1000 झालं म्हणून ताईंना दोन आकडे ऐकू आले, पण त्याला अटी आहेत: परमिट लागणारं काम नको आणि हाताखाली माणूस ठेवायचा नाही. म्हणजे दार बसवा, पडदे लावा, एवढंच. किचन विसरा.

ताई, मी फ्रिमाँटला आहे, बी लायसन्स (जनरल बिल्डिंगचं) आहे, एकदा अर्ज परत येऊन मिळालंय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लायसन्स देणारा इथला सरकारी बोर्ड म्हणजे सीएसएलबी, ऑफिस सॅक्रामेंटोला. त्यांना गेल्या 10 वर्षांतला 4 वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही जर्नी लेव्हलचा, म्हणजे शिकाऊ नाही तर स्वतःच्या जिवावर काम करणारा किंवा करून घेणारा माणूस. हे दहा वर्षांचं गणित अर्ज टाकल्याच्या दिवसापासून मागे मोजतात. तुमचं पुणं 2013 ला संपलं, म्हणजे ती सहाच्या सहा वर्षं खिडकीबाहेर गेली. वाईट वाटेल, पण त्यावर वेळ घालवू नका.

पण तुमची डिग्री कामाची आहे. लायसन्सच्या प्रकाराशी थेट संबंध असलेल्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंग डिग्रीला 3 वर्षांपर्यंत क्रेडिट मिळू शकतं, आणि सिव्हिल ते बी हा संबंध समजावून सांगायला लागत नाही. युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि इथल्या इव्हॅल्युएशन एजन्सीकडून तपासून घ्या. भाऊ-बहीण कोणी पुण्यात असेल तर त्यांना गणेशखिंडला युनिव्हर्सिटीत पिटाळा, आत्ताच, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. डिग्री कितीही भारी असली तरी एक वर्ष मात्र प्रत्यक्ष कामाचं दाखवावंच लागतं.

ते वर्ष तुमच्या एडीयूत आहे, निदान बरंचसं. ओनर-बिल्डर म्हणून केलेलं काम धरतात, त्याचा प्रोजेक्टनिहाय वेगळा फॉर्म असतो, पण कॅलेंडर बघू नका, खरे दिवस मोजा. चौदा महिने चालू होतं आणि तुम्ही शनिवार-रविवारच करत होता तर ते चौदा महिने नाहीत. मी पहिल्यांदा इथेच आपटलो. सगळं गोल गोल लिहिलं, रिमॉडेलिंग केलं, सुपरव्हिजन केलं, आणि परत आलं. दुसऱ्या वेळी कुठल्या भिंतीचं फ्रेमिंग, किती दिवस, छत कोणी उचललं असं लिहिलं. बीला फ्रेमिंग किंवा कारपेंटरी पाहिजेच, त्यामुळे तुमचं फ्रेमिंग वर काढा, टाइल कितीही सुंदर असली तरी.

ह्या अनुभवावर कोणीतरी सही करायची असते, ज्याने तुम्हाला काम करताना डोळ्यांनी पाहिलंय असा माणूस. कॉन्ट्रॅक्टर, बरोबरचा कारागीर, आर्किटेक्ट, इन्स्पेक्टर, कोणीही चालतो. सही खोटी निघाली तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा, म्हणून ‘आपला माणूस आहे देतो सही’ वाले टाळा. कायद्याने निदान 3 टक्के अर्ज रँडम उचलून खोदून तपासतात आणि आपलं नशीब आपल्याला माहितीये.

आता तुमचे नंबरवाले. त्यांचा नंबर टाकून तुम्ही तुमचं काम करणं म्हणजे दोघांचंही वाटोळं. कायदेशीर रस्ता आहे, लायसन्सवाल्याला तुमच्या धंद्यात नोकरीला ठेवायचं, त्याला रिस्पॉन्सिबल मॅनेजिंग एम्प्लॉयी म्हणतात, पण त्या माणसाने तुमच्या धंद्यात आठवड्याला 32 तास किंवा धंद्याच्या 80 टक्के वेळ, जे कमी असेल तेवढं, खरोखर काम करायचं असतं. घरी बसून 10 टक्के नाही. त्यापेक्षा त्यांना उलट विचारा, मला डब्ल्यू टूवर, म्हणजे रीतसर पगारी, नोकरीला ठेवा. ते तीन किचन त्यांच्या नावाने, त्यांच्या काँट्रॅक्टवर करा, पगार घ्या, एडीयूत कमी पडलेले महिने तिथे भरून निघतील आणि सहीला माणूसही मिळेल.

टाइल_आणि_मी

खटावकरांना +1. एक भर, ताई तुम्हाला फक्त किचन-बाथरूमच करायचे असतील तर 2021 पासून बी-टू म्हणून रेसिडेन्शियल रिमॉडेलिंगचं वेगळं लायसन्स आहे, त्यात फ्रेमिंगच्या अनुभवाची अट नाही. चार वर्षं आणि परीक्षा मात्र तिथेही आहेच. गोम अशी की एका काँट्रॅक्टमध्ये निदान तीन वेगवेगळे ट्रेड (कामाचे प्रकार) पाहिजेत आणि लोड बेअरिंग, म्हणजे घराचा भार पेलणाऱ्या, भिंतीला हात लावायचा नाही. आपल्या लोकांना तर ओपन किचनच पाहिजे असतं, पहिलं वाक्यच ‘ही भिंत काढू या का’. त्यामुळे फ्रेमिंग दाखवता येत असेल तर बीच घ्या.

परीक्षा दोन, लॉ अँड बिझनेस आणि ट्रेड. अभ्यासाची यादी बोर्डाच्या साइटवर फुकट आहे. ट्रेड तुम्हाला जड नाही. लॉमध्ये लियन (पैसे थकले तर घरावर टाकायचा दावा) आणि त्याआधीच्या 20 दिवसांच्या प्रिलिमिनरी नोटिशीने माझी दांडी उडाली होती, दुसऱ्यांदा पास. 18 महिन्यांत दोन्ही काढायच्या.

खर्च: अर्जाचे 450, एकट्याच्या नावाने लायसन्स असेल तर पुढे 200, बोटांच्या ठशांचे वेगळे. आणि 25,000 चा बाँड. घाबरू नका, 25,000 बँकेत ठेवायचे नसतात, शुअरिटी कंपनीला वर्षाचा प्रीमियम द्यायचा, तो क्रेडिट स्कोअरवर ठरतो. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा की हा बाँड ग्राहकासाठी आहे, आपल्यासाठी इन्शुरन्स नाही. आमच्या घरी यावरून एक संध्याकाळ गेली.

मिलपिटासची_मावशी

मी कॉन्ट्रॅक्टर नाही, भाजलेली ग्राहक आहे. आमचं मास्टर बाथ एकाला दिलं, ओळखीतून, मराठीच. निम्मे पैसे आधी घेतले, तोडफोड केली आणि तिथेच थांबला. सात आठवडे टॉयलेट बाल्कनीत होतं, त्यावर शेजारची मांजर बसायची. नंतर कळलं लायसन्सच नव्हतं.

मग वाचलं तेव्हा डोळे उघडले. इथे घराच्या कामाचा ॲडव्हान्स 10 टक्के किंवा 1000 डॉलर, जे कमी असेल तेवढाच घेता येतो. म्हणजे 40,000 च्या किचनलाही सुरुवातीला 1000 च. आपल्याकडे ‘मटेरियलला निम्मे टाका’ म्हणतात ना, तसलं काही नाही. आणि कलम 7031 म्हणून आहे, लायसन्स नसलेला माणूस केलेल्या कामाचे पैसे कोर्टात मागू शकत नाही, उलट दिलेले सगळे पैसे ग्राहक परत मागू शकतो, काम चांगलं झालं असलं तरी! ताई, ओळखीतली तीन घरं म्हणताय, उद्या ग्राउटच्या रंगावरून बिनसलं तर मैत्रीण हेच कलम काढेल. मी तरी काढलं असतं.

ड्रिलवाला_भाऊ

मावशी 😶 नऊ बिलांचा सल्ला मागे घेतो.

साइटवाली_सनीवेल

बाप रे, मावशी, मांजर! सगळ्यांचे खूप आभार. दहा वर्षांचं ऐकून रात्री थोडं रडू आलं खरं, सहा वर्षं उन्हातान्हात काढलीत. असो. भावाला ट्रान्सक्रिप्टचं सांगितलंय, तो म्हणाला ताई तुझी पंधरावी की सोळावी कामं चालू आहेत माझ्याकडे.

एडीयूची डायरी काढून मोजलं. निव्वळ माझ्या हातचं काम पूर्ण वेळात धरलं तर साडेसात महिने होतात, जास्त ताणलेलं नाही. म्हणजे साडेचार कमी. नंबरवाल्यांना डब्ल्यू टूचं विचारलं तर आधी हसले, मग म्हणाले सोमवारी या, हेल्मेट आहे का.

एक राहिलं. शॉवर पॅनमध्ये रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं, सकाळी इन्स्पेक्टर आले, बूट काढून मोज्यांवर आत जाऊन वाकून बघितलं आणि कार्डावर सही केली. पुरावा म्हणून ते इन्स्पेक्शन कार्ड चालेल का? इतके दिवस फ्रीजवर मॅग्नेटखाली होतं, मुलाने त्यावर डायनासोर काढलाय.

खटावकर

पळवा ते कार्ड फ्रीजवरून, सोन्याचं आहे. परमिट नंबर, फ्रेमिंगची तारीख, फायनलची तारीख सगळं त्यावर असतं. दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा आणि सिटीकडून परमिटची कॉपीही घ्या. डायनासोरचं काही नाही, सह्या वाचता आल्या म्हणजे झालं.

साइटवाली_सनीवेल

फ्रेमिंगच्या सहीवर शेपूट आलीये. सिटीत जाते उद्या.